‘चार्ज’ला मराठीत काय म्हणायचं? आधी ओझं कोणाच्या पाठीवर आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: “इंग्रजीतून मराठी अनुवादाची कामं नुकतीच घ्यायला लागले आहे. ‘चार्ज’ या शब्दापाशी दर वेळी अडते. कोशात शुल्क, आरोप, प्रभार, हल्ला, ताबा, बोजा असे कितीतरी अर्थ आहेत. कधी कोणता घ्यायचा, याचा काही नियम आहे का?” सोबत अडलेली तीन वाक्यं दिली आहेत. एक, ‘द ऑफिसर इन चार्ज सेड नो चार्जेस हॅड बीन फ्रेम्ड.’ दोन, ‘द चार्ज ऑन द लँड वॉज नेव्हर डिस्चार्ज्ड.’ तीन, ‘द मीटिंग वॉज हेल्ड इन अ चार्ज्ड ॲटमॉस्फिअर.’

तिन्ही वाक्यांची मराठी शेवटी देते. पण नुसती उत्तरं दिली तर चौथ्या वाक्यापाशी पुन्हा अडाल, म्हणून आधी रीत सांगते.

अर्थ बारा आहेत की वीस, ही खरी अडचण नव्हे. कोशकार अर्थ एकाखाली एक मांडतो, त्यामुळे ते एकमेकांशी संबंध नसलेले वाटतात आणि निवड म्हणजे चिठ्ठी उचलणं होऊन बसतं. ‘चार्ज’चे जवळजवळ सगळे अर्थ मात्र एकाच खोडाच्या फांद्या आहेत. ते खोड दिसलं की प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारता येतो: कोणी, कशाचा भार, कोणावर टाकला?

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही आधीच सांगायला हवं. मजकूर कोर्टात जाणार, वर्तमानपत्रात छापला जाणार, की दुकानाच्या पावतीवर येणार, यावर शब्द बदलतो. सरकारी कामात शासनाची परिभाषा पाळावी लागते आणि त्यासाठी भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार कोश, न्यायव्यवहार कोश हाताशी हवेत. ग्राहकासाठीच्या पत्रकात तेच शब्द लोखंडासारखे जड होतात. मी पुढे जे शब्द सुचवते आहे ते महाराष्ट्रातल्या वाचकाला धरून आहेत.

आता खोड. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल भरणं या अर्थाचं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि ‘चार्ज’ झालं. ‘कार’, ‘कॅरी’, ‘कार्गो’ ही त्याचीच भावंडं. ‘कॅरिकेचर’ही त्याच घरातला: चेहऱ्यावर जास्तीची रेघ लादलेलं चित्र. मूळ अर्थ असा साधा आहे, ओझं लादणं. बंदुकीवर दारूचं ओझं, माणसावर कामाचं ओझं, आरोपीवर आरोपाचं, गिऱ्हाइकावर पैशाचं, जमिनीवर कर्जाचं.

मराठीत ‘भार’ या शब्दाने जवळजवळ हाच प्रवास केला आहे, ही अनुवादकाच्या फार सोयीची गोष्ट आहे. पदभार, कार्यभार, प्रभार, अधिभार, भारित खर्च, भारलेलं वातावरण, इतकंच काय पण ‘आभार’सुद्धा भारातूनच आला. ‘चार्ज’पाशी अडलात की आधी ‘भार’ शब्दाच्या घरात डोकावून बघा. नेमका शब्द तिथे नसला तरी दिशा मिळते.

शब्दामागे कोण आलं आहे ते बघा

वाक्यात ‘चार्ज’च्या मागेपुढे कोणतं शब्दयोगी अव्यय आहे, हे निम्मं काम करतं. ‘चार्ज फॉर’ असेल तर पैसे. ‘चार्ज ॲट’ असेल तर अंगावर धावून जाणं. ‘चार्ज ऑन’ आणि पुढे मालमत्ता असेल तर बोजा. ‘चार्ज टू’ आणि पुढे खातं असेल तर हिशेबातली नोंद, म्हणजे खात्यावर नावे टाकणं किंवा खर्ची टाकणं. ‘चार्जेस अगेन्स्ट’ आणि पुढे माणूस असेल तर आरोप.

सगळ्यात फसवा आहे तो ‘विथ’. ‘शी वॉज चार्ज्ड विथ फ्रॉड’ म्हणजे तिच्यावर फसवणुकीचा आरोप ठेवला. ‘शी वॉज चार्ज्ड विथ इन्व्हेस्टिगेटिंग द फ्रॉड’ म्हणजे त्या फसवणुकीच्या तपासाची जबाबदारी तिच्यावर सोपवली. मधलं एक क्रियारूप नजरेतून सुटलं, तर तपास अधिकारी आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहते. ‘विथ’च्या पुढे गुन्ह्याचं नाव आहे की करायचं काम आहे, एवढंच तपासायचं. तिसरी शक्यता भावनेची: ‘अ व्हॉइस चार्ज्ड विथ ग्रीफ’, दुःखाने भरून आलेला आवाज.

‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत एका ‘द’ने माणसं अदलाबदल होतात. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मूल नर्सच्या देखरेखीखाली आहे. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ याचाही अर्थ तोच, फक्त कर्ता बदलला. घाईत वाचणारा दुसऱ्या वाक्यात मुलाच्या हाती नर्सची सूत्रं देतो. याच वळणाने ‘हर चार्जेस’ म्हणजे तिच्या देखरेखीखालची मुलं किंवा रुग्ण. इथे ‘तिचे आरोप’ किंवा ‘तिची फी’ असं छापून गेलेलं वाचलं की अनुवादकाने पुढचं वाक्य वाचलं नव्हतं हे लगेच कळतं.

पैशाचा चार्ज

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण ‘शुल्क’ हा एकच शब्द सगळीकडे चिकटवला जातो. मराठीत पैसे घेण्याचे शब्द कामागणिक वेगळे आहेत आणि ते अजून जिवंत आहेत.

वीजबिलाचं उदाहरण घ्या. महावितरणच्या मराठी बिलात स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार अशा ओळी असतात. इंग्रजीत त्या अनुक्रमे फिक्स्ड चार्ज, एनर्जी चार्ज आणि व्हीलिंग चार्ज (वीज तुमच्यापर्यंत वाहून आणण्याचे पैसे). त्याच बिलात ‘वीज शुल्क’ अशी वेगळी ओळ असते, आणि ती आहे इलेक्ट्रिसिटी ड्यूटी, म्हणजे राज्य सरकारकडे जाणारा कर. ‘एनर्जी चार्ज’चं भाषांतर तुम्ही ‘वीज शुल्क’ केलंत, तर विजेच्या किमतीला कर म्हटल्यासारखं झालं आणि बिल वाचणारा चुकीच्या ओळीकडे बोट दाखवणार. वीज, पाणी, दूरध्वनी अशा मोजून पुरवल्या जाणाऱ्या सेवेच्या संदर्भात म्हणूनच मी ‘आकार’ धरते. विलंब आकार, किमान आकार, मागणी आकार हे शब्दही त्याच पंगतीतले.

‘शुल्क’ दोन ठिकाणी शोभतं: परवानगी, प्रवेश, परीक्षा, नोंदणी यांच्या फीला, आणि मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क यांसारख्या करांना. नगरपालिका पाण्याचे वार्षिक पैसे घेते ती पाणीपट्टी, घराची ती घरपट्टी. सरचार्ज म्हणजे अधिभार आणि सेस म्हणजे उपकर. आयकराच्या हिशेबात या दोन स्वतंत्र ओळी असतात, म्हणून एकीचा शब्द दुसरीला देऊ नका.

कामाचा मोबदला आला की ‘शुल्क’ पूर्ण बाजूला ठेवा. सोनाराचे मेकिंग चार्जेस म्हणजे घडणावळ. हा शब्द सराफाच्या पेढीवर रोज उच्चारला जातो. त्याऐवजी ‘निर्मिती शुल्क’ असं छापलेलं बघून वाईट वाटतं. क्रियापदाला ‘णावळ’ लावून आपल्याकडे कामाच्या पैशाचे शब्द सहज होतात: दळणावळ, कांडणावळ, शिवणावळ, धुणावळ. खाणावळ त्याच साच्यातली, आता ती जागेचं नाव झाली आहे. शिंप्याचे पैसे शिलाई, छापखान्याचे छपाई, बाजार समितीत पोती उतरवण्याचे हमाली आणि वजन करण्याचे तोलाई. लेबर चार्जेस म्हणजे मजुरी, रिक्षाचे भाडे, टपालाचा टपालखर्च. मूळ इंग्रजी पावतीत या सगळ्यांपुढे एकच शब्द असला म्हणून मराठी पावतीतही एकच असावा असं काही नाही.

क्रियापदाचंही तसंच. ‘दे चार्ज्ड मी फाइव्ह हंड्रेड’ याचं ‘त्यांनी माझ्याकडून ५०० रुपये आकारले’ हे नियमावलीत चालेल. कथेत, मुलाखतीत, ग्राहकाच्या तक्रारीत माणूस म्हणतो, ‘माझ्याकडून ५०० रुपये घेतले’ किंवा ‘५०० लावले’. जास्त पैसे घेतले असतील तर ‘छापील किमतीपेक्षा जास्त घेतले’ असं सरळ लिहा, ‘अधिप्रभार’ वगैरे नको. ‘फ्री ऑफ चार्ज’ला विनामूल्य किंवा मोफत. जीएसटीतल्या ‘रिव्हर्स चार्ज’ला मात्र तोच शब्द देवनागरीत ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगा: एरवी विकणारा कर भरतो, इथे तो घेणाऱ्याने भरायचा. व्यापारी आणि त्याचा कर सल्लागार दोघेही ‘रिव्हर्स चार्ज’च म्हणतात. तिथे नवा शब्द घडवलात तर दोघांनाही तो परत इंग्रजीत फिरवून समजून घ्यावा लागेल.

आरोपाचा चार्ज

इथे चूक झाली तर एखाद्याच्या अब्रूवर बेतते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

भारतात फौजदारी प्रकरणाचे टप्पे वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाला ठरलेला शब्द आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्यातले कलमांचे आकडे जुन्या १९७३च्या संहितेपेक्षा वेगळे आहेत, हे जुने कागद अनुवादताना लक्षात ठेवा. पहिला टप्पा पोलिसांत गुन्हा दाखल होण्याचा, आता कलम १७३. नंतर तपास होतो. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात अहवाल देतात, तो कलम १९३ खाली. आपण त्यालाच चार्जशीट म्हणतो. वर्तमानपत्रांत ‘आरोपपत्र’, पोलिसांच्या आणि कोर्टाच्या कागदांत बहुधा ‘दोषारोपपत्र’. इथपर्यंत न्यायालयाने स्वतः काहीच ठरवलेलं नसतं. त्यानंतर न्यायालय कागद बघून, दोन्ही बाजू ऐकून ठरवतं की खटला चालवण्याजोगं काही आहे का. असेल तर आरोप निश्चित करतं. सत्र न्यायालयात हे कलम २५१ खाली होतं, दंडाधिकाऱ्यांपुढच्या वॉरंट खटल्यात (म्हणजे दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याच्या खटल्यात) २६३ खाली. हीच ‘फ्रेमिंग ऑफ चार्ज’, मराठीत आरोप निश्चिती.

म्हणून ‘चार्जशीट फाइल्ड’ आणि ‘चार्जेस फ्रेम्ड’ या दोहोंना ‘आरोप ठेवले’ असं लिहू नका. पहिलं पोलिसांनी केलं, दुसरं न्यायालयाने. ‘पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं’ आणि ‘न्यायालयाने आरोप निश्चित केले’. कर्ता लिहिला की गोंधळ आपोआप मिटतो.

आरोप निश्चित करण्याजोगं काही नाही असं न्यायालयाला वाटलं, तर आरोपी ‘डिस्चार्ज’ होतो. मराठी वृत्तपत्रांत त्याला दोषमुक्ती म्हणतात, ‘दोषमुक्तीचा अर्ज’ हा शब्दप्रयोग रुळलेला आहे. पूर्ण खटला चालून सुटका झाली तर ‘ॲक्विटल’, म्हणजे निर्दोष मुक्तता. फरक मोठा आहे. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. दोषमुक्त झालेल्यावर मुळात खटला चाललेलाच नसतो, त्यामुळे नवा पुरावा आला तर पुन्हा कारवाई होऊ शकते. दोन्हींना नुसतं ‘सुटका’ म्हणणं अपुरं आहे. जामिनावर बाहेर आला तरी लोक ‘सुटका’च म्हणतात.

परदेशी बातम्या अनुवादताना आणखी जपा. अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या बातमीत ‘ही वॉज चार्ज्ड विथ मर्डर’ असं येतं, तेव्हा त्याच्यावर खुनाचा आरोप औपचारिकपणे ठेवला गेला एवढाच अर्थ. ‘गुन्हा दाखल’ लिहिलं तर आपल्या वाचकाला ते फार सुरुवातीच्या पायरीवरचं वाटतं, ‘दोषी ठरवलं’ लिहिलं तर ते धडधडीत खोटं होतं. तिथली पद्धत आपल्यासारखी पायरीपायरीने जुळत नाही, म्हणून मी ‘त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला आहे’ इथेच थांबते आणि ‘आरोपपत्र’ हा शब्द टाळते.

नोकरीतल्या कारवाईतही चार्जशीट असते, आणि तिचा कोर्टाशी संबंध नसतो. सरकारी कर्मचाऱ्याच्या विभागीय चौकशीत त्याला दोषारोप, त्यांचं विवरण, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी दिली जाते. मराठीत तेही दोषारोपपत्रच. मजकुरात ‘विभागीय चौकशीचं’ हे दोन शब्द आधी जोडले नाहीत, तर वाचक त्या कर्मचाऱ्याला पोलिसांच्या ताब्यात बसवतो.

पदाचा चार्ज

सरकारी कार्यालयांत सर्रास ‘चार्ज घेतला’, ‘चार्ज दिला’ म्हणतात. लेखी मराठीत तीन शब्द आहेत आणि त्यांच्या छटा वेगळ्या आहेत. पदभार म्हणजे पदच हाती घेणं: नव्या जिल्हाधिकाऱ्यांनी पदभार स्वीकारला. कार्यभार म्हणजे काम. स्वतःचं पद सांभाळून दुसऱ्या पदाचं काम बघणाऱ्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ असतो. ‘प्रभारी’ पदनामाआधी आलं की तात्पुरता: प्रभारी मुख्याध्यापक म्हणजे कायम नेमणूक न झालेले.

पण ‘प्रभारी’ नेहमीच तात्पुरता नसतो. राजकीय पक्षाचा राज्य प्रभारी हे नेमून दिलेलं पद आहे. पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी म्हणजे त्या ठाण्याचा प्रमुख. तो तिथे कायम नेमलेला वरिष्ठ निरीक्षक असू शकतो. त्यालाच ‘ठाणे अंमलदार’ म्हणू नका. ठाणे अंमलदार त्या पाळीला ठाण्यात बसून नोंदी घेणारा असतो. शाळेच्या बातमीतला प्रभारी आणि पोलीस ठाण्याच्या बातमीतला प्रभारी एकच समजलात, तर अर्थ उलटा होतो. सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डच्या सिस्टर इन-चार्जला ‘प्रभारी परिचारिका’ लिहिण्याची गरज नाही, तिथे परिसेविका हे पदनाम आहे.

साध्या लिखाणात ‘शी टुक चार्ज’ला ‘तिने सूत्रं हाती घेतली’. घरातली गोष्ट असेल तर ‘सगळं तिने अंगावर घेतलं’. ओझं पुन्हा आलंच.

जमिनीवरचा आणि तिजोरीवरचा चार्ज

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मध्ये ‘चार्ज’ची व्याख्या आहे. एखाद्याची स्थावर मिळकत दुसऱ्याच्या पैशासाठी तारण होते, पण तो व्यवहार गहाण या सदरात बसत नाही, तेव्हा तो चार्ज. गहाणात मिळकतीतला एक हितसंबंध घेणाऱ्याकडे जातो. चार्जमध्ये तसं होत नाही, पैसे वसूल करण्याचा हक्क त्या मिळकतीला चिकटतो. म्हणून ‘मॉर्गेज’ आणि ‘चार्ज’ शेजारीशेजारी आले तर दोन्हींना ‘तारण’ लिहून मोकळं होता येत नाही. ‘गहाण’ आणि ‘बोजा’ असे वेगळे शब्द ठेवा.

‘बोजा’ हा शब्द गावोगावी माहीत आहे. शेतकऱ्याने सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज घेतलं की सातबाऱ्यावर इतर अधिकारांच्या रकान्यात बोजा चढतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ मध्ये सभासदाच्या जमिनीवर असा चार्ज निर्माण होण्याची तरतूद आहे. कर्ज फिटलं की बँकेचा बेबाकी दाखला घेऊन बोजा कमी करण्यासाठी अर्ज होतो, फेरफाराची नोंद होते, मग सातबारा कोरा होतो. ‘बोजा चढवणं’ आणि ‘बोजा कमी करणं’ ही त्या कागदांतलीच क्रियापदं आहेत. शेतकऱ्यांसाठीच्या पत्रकात ‘प्रभार निर्माण करणे’ असं लिहिलंत, तर ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच कळणार नाही. कंपनी कायद्यात उलट. कंपनीच्या मालमत्तेवरचा चार्ज ३० दिवसांत निबंधकाकडे नोंदवायचा असतो, आणि तिथे ‘प्रभार’ हाच शब्द योग्य, कारण वाचणारे कंपनी सचिव आणि वकील.

अर्थसंकल्पातला चार्ज वेगळा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२ मध्ये राज्याच्या एकत्रित निधीवर थेट टाकलेल्या खर्चांची यादी आहे: राज्यपालांचं वेतन, विधिमंडळाच्या पीठासीन अधिकाऱ्यांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, राज्याच्या कर्जाचं व्याज आणि परतफेड, न्यायालयाच्या निवाड्याप्रमाणे द्यायच्या रकमा. या खर्चावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पीय कागदांत मतदानाचा खर्च ‘दत्तमत’ आणि हा ‘भारित’. ‘चार्ज्ड एक्स्पेंडिचर’चं ‘आकारलेला खर्च’ केलं की अख्खी घटनात्मक तरतूद हरवते.

विजेचा, दारूचा आणि अंगावर येणारा चार्ज

बंदुकीत दारू ठासणं म्हणजे ती चार्ज करणं. ठासणीची बंदूक हा शब्द आपल्याकडे त्यामुळेच आहे. सुरुंगात भरलेली दारूही चार्जच. अठराव्या शतकात लेडन बरणीत, म्हणजे धातूचा पत्रा लावलेल्या काचेच्या बरणीत, वीज साठवता यायला लागली, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने तिच्यासाठी वापरलेले ‘चार्ज’ आणि ‘बॅटरी’ हे शब्द तोफखान्यात आधीपासून होते. बरणी ‘भरली’ आणि मग एकदम ‘सुटली’, बंदुकीसारखीच.

पाठ्यपुस्तकातला शब्द विद्युत प्रभार: धन प्रभार, ऋण प्रभार, एकक कूलोम. जुन्या विज्ञानलेखनात ‘विद्युत भार’ही सापडतो, पण आता तो टाळावा. ‘भार’ शब्द विजेच्या क्षेत्रात ‘लोड’ला दिला गेला आहे, भारनियमन त्यातूनच. एकाच लेखात भार आणि भार असे दोन अर्थ आले तर वाचक चकतो. मोबाईलला यातलं काही लावू नका. ‘फोन चार्जिंगला लाव’, ‘चार्जिंग संपलं’ हेच मराठी आहे. बॅटरीवरचा ५००० मिलिअँपिअर-तास हा आकडा भौतिकशास्त्रात १८,००० कूलोम प्रभार होतो, पण दुकानातल्या पत्रकात त्याला ‘बॅटरीची क्षमता’ म्हणायचं. फ्रिजमध्ये गॅस ‘भरतात’. लोखंडाच्या झोतभट्टीत घातलेला कोक, खनिज आणि चुनखडी हाही चार्ज. मी तिथे ‘भट्टीत घातलेला माल’ असं साधं लिहिते.

रीचार्ज आणि डिस्चार्ज यांनाही तीच कसोटी. विहिरीचं, भूजलाचं पुनर्भरण. मोबाईलचा रिचार्ज. धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग, क्युसेकमध्ये. जखमेतून स्राव. रुग्णालयातून डिस्चार्ज मिळाला किंवा घरी सोडलं. कर्तव्य पार पाडलं. कर्ज फिटलं.

हल्ल्याचा चार्ज इतिहासात आला तर ‘एल्गार’ किंवा ‘चढाई’. एल्गार आज मोर्चाच्या हाकेसाठी वापरला जातो, म्हणून लढाईचं वर्णन आहे हे वाक्यातून स्पष्ट हवं. पोलिसांचा लाठीमार. जनावराचा चार्ज आला तर ‘हल्ला’पाशी लगेच थांबू नका. गवा धडक देतो, बैल अंगावर येतो. हत्ती नुसती भीती घालायला धावून येतो आणि मधेच थांबतो, त्या ‘मॉक चार्ज’ला मराठीत फार नेमका शब्द आहे: हूल. हत्तीने हूल दिली.

आता तुमची तीन वाक्यं

पहिल्यात दोन चार्ज आहेत, एक पदाचा आणि एक आरोपाचा. ‘आरोप अद्याप निश्चित झालेले नाहीत, असं प्रभारी अधिकाऱ्यांनी सांगितलं.’ मजकूर पोलीस ठाण्याचा असेल तर ‘पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांनी’ असं पूर्ण लिहा. मात्र एक तपासा: मूळ लेखकाला खरंच न्यायालयातली आरोप निश्चिती म्हणायची आहे का? बातमीदार पुष्कळदा ‘फ्रेम्ड’ लिहितात आणि त्यांना आरोपपत्र दाखल झालेलं नाही एवढंच सांगायचं असतं. आधीच्या परिच्छेदात न्यायालयाचा उल्लेख नसेल, तर संपादकाला विचारून घ्या.

दुसरं: ‘जमिनीवरचा बोजा कधी कमीच झाला नाही.’ कर्ज फिटलं होतं पण नोंद राहून गेली, असा संदर्भ असेल तर ‘कर्ज फिटूनही सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहिला’. कर्जच फिटलं नसेल तर ‘जमिनीवरचं कर्ज कधी फिटलंच नाही’. इंग्रजी वाक्यात दोन्ही शक्यता मावतात, मराठीत तुम्हाला एक निवडावीच लागते. मिळकत महाराष्ट्राबाहेरची असेल तर सातबारा लिहू नका, ‘नोंदीत’ म्हणा.

तिसऱ्यात भारलेलं, तापलेलं आणि तणावाचं यांत निवड आहे. ‘भारलेलं’ला मराठीत मंत्राचा वास आहे, माणूस त्यात हरवून जातो. भक्तिसंगीताच्या मैफलीनंतरचं वातावरण भारलेलं असतं. सभेत घोषणा, आरडाओरडा असेल तर ‘तापलेल्या वातावरणात बैठक झाली’. सगळे गप्प, पण कधी काय होईल सांगता येत नाही असं असेल तर ‘तणावाच्या वातावरणात’. शोकसभा असेल तर यातलं काहीच नको, ‘सभेत सगळ्यांचे गळे दाटून आले होते’. ती बैठक कशाची होती हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. पुढचा-मागचा परिच्छेद कळवलात तर नेमकं सांगता येईल.